पावणाईचं पत्र

“ते पत्र कोणी पाठवलं?” रिक्षातून पाय खाली ठेवायच्या आधीच त्या बाईंनी विचारलं.

मी पावणाईच्या देवळासमोरच्या ऑफिसच्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते, कारण आत रेंज येत नव्हती. बाई साठी ओलांडलेल्या असाव्यात. अंगावर प्रवासाने चुरगळलेली ठेवणीतली साडी, हातात ओटीची पिशवी आणि काखेत हॉस्पिटलची मोठी फाइल. त्यांच्या मागून एक गृहस्थ उतरले. रिक्षाची दांडी धरून ते जरा वेळ तसेच उभे राहिले, मग हसून म्हणाले, “थांबा हं, पाय जमिनीला लागलेत का बघतो.”

“कुठलं पत्र?” मी म्हटलं. खरं तर विचारायची गरज नव्हती. गेले तीन दिवस जो तो त्याच पत्राबद्दल बोलत होता.

“विसरलात का, म्हणून आईनं विचारलं ते पत्र,” बाई म्हणाल्या. “आम्ही बडोद्याहून आलो. परब. आजच सकाळी ह्यांना हॉस्पिटलात भरती व्हायचं होतं. उद्या बायपास. ते सगळं सोडून आलो.”

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मी पुण्याहून परत येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. तिथल्या कंपनीने मला एका चार ओळींच्या मेलने घरी बसवलं होतं, आणि मी कुडाळात एका भाड्याच्या खोलीत बसून तेच काम करत होते जे तिथे करायचे. लोकांना मेल पाठवायच्या आणि त्यांनी त्या उघडल्या का ते बघायचं. आमच्या मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारा एक ठिपका असतो. मेल उघडली की तो गुपचूप आमच्याकडे खबर देतो. कोणी उघडली, किती वेळा उघडली, आतल्या बटणावर बोट दाबलं का, की पत्ताच बंद पडून मेल परत आली, हे सगळं रिपोर्टात येतं. माझी गिऱ्हाइकं म्हणजे एक काजूवाले, दोन हॉटेलं आणि एक दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांना हाका मारायच्या आणि किती जणांनी मान वळवली ते मोजायचं, या कामात माणूस फार लवकर थकतो. मी तर पुण्याहूनच थकून आले होते.

कातळवण्याच्या देवस्थानचं काम मला भालूकाका राण्यांनी दिलं. ते ट्रस्टचे अध्यक्ष, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. ऑफिसात असले की शुद्ध बोलायचे आणि चिडले की मालवणीत यायचे. देवळाच्या जीर्णोद्धाराला ज्यांनी ज्यांनी वर्गणी दिली त्या सगळ्यांचे मेलचे पत्ते त्यांनी पावत्यांवरून गोळा केले होते. मुंबई, नागपूर, इंदूर, दुबई, जिथे जिथे गावची माणसं पोटासाठी गेली तिथे तिथे जत्रेची तारीख कळवायची, एवढाच हेतू. पण त्यातले निम्मे लोक मेल उघडतच नव्हते. काही पत्ते मेलेले, काहींनी कंटाळून पावणाईला कचऱ्याच्या फोल्डरमध्ये टाकलेलं. अशाने काय होतं, की मेल पोचवणारी कंपनी आपल्यावर नाराज होते आणि ज्यांना मेल हवी आहे त्यांच्याही ती कचऱ्यातच टाकायला लागते. मागच्या जत्रेला बऱ्याच जणांना तारीखच कळली नव्हती. कंपनीची ताकीदही येऊन पडली होती.

“वर्षभरात ज्यांनी एकही मेल उघडली नाही ते पत्ते काढून टाकू,” मी म्हटलं होतं.

“देवीच्या यादीतून कुळाचं नाव काढू?” भालूकाकांनी चष्मा काढला. “गो उल्का, तू शुद्धीत आसस मा?”

“नाव नाही काका, पत्ता. नुसता मेलचा पत्ता.”

“लोक दोन्ही एकच समजतले.”

शेवटी आमचा तोडगा ठरला. काढण्याआधी एकेकाला विचारायचं. माझ्याकडे त्याचा साचा तयार होता, सगळ्याच गिऱ्हाइकांना मी तो वापरायचे. वरती विषय, ‘विसरलात का?’ आणि आत, ‘खूप दिवस झाले, तुमची भेट नाही. आम्ही अजून तुमची वाट बघतोय. यायचं असेल तर खालचं बटण दाबा. उत्तर आलं नाही तर ही आमची शेवटची हाक समजा.’ दातांच्या डॉक्टरांच्या नावाने ही मेल गेली तेव्हा शंभरातल्या तिघांनी उघडली होती. काजूवाल्यांची त्याहून जरा बरी. मी नाव तेवढं बदललं. पाठवणारा म्हणून लिहिलं, ‘श्री देवी पावणाई, कातळवणे’, आणि शुक्रवारी संध्याकाळी नऊशे पत्त्यांवर सोडून दिली.

त्यातल्या सातशे लोकांनी ती उघडली. माझ्या सगळ्या नोकरीत मी असा आकडा पाहिला नव्हता. आणि उत्तरं! नागपूरच्या एकाने लिहिलं होतं, आई, दोन मुलींच्या परीक्षांमुळे तीन वर्षं येणं झालं नाही, पोटात घाल. दुबईच्या एकाने विमानाचं तिकीट काढून त्याचा फोटो पाठवला होता. एकाने तर गैरहजेरीबद्दल डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडलं होतं. मी आधी पोट धरून हसले. मग दुसऱ्या दिवशी देवळाचा फोन वाजायला लागला तो थांबेचना, आणि माझं हसू ओसरलं. सोमवारी त्याच गडबडीत मी कातळवण्याला आले होते, भालूकाकांना रिपोर्ट दाखवायला. आणि समोर हे परब उभे.

मी त्यांना ऑफिसात बसवलं. पाणी दिलं. परबकाका खुर्चीत बसले तसे त्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. काकींनी पदराने तो पुसला, सवयीने, त्यांच्याकडे न बघताच.

“काकी,” मी म्हटलं, “ते पत्र मी पाठवलं.”

“तू पाठवलंस, पण सांगितलं कोणी?”

“कोणीच नाही. हे बघा.” मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. “तुम्ही वर्षभर देवस्थानची एकही मेल उघडली नव्हती. असे नऊशे जण होते. सगळ्यांना एकच पत्र गेलं. हेच शब्द मी दाताच्या डॉक्टरांसाठीसुद्धा पाठवते. यात देवीचा काही संबंध नाही. तुम्ही उगाच भरती टाळून आलात. आत्ताच्या आत्ता परत फिरा.”

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं आता चिडतील, रडतील. पण त्या माझ्याकडे, लहान मुलीकडे बघावं तशा बघत होत्या.

“नऊशे लोकांना गेलं ना पत्र? जाऊ दे. पण आमच्याकडे नेमकं भरतीच्या आदल्या दिवशी कसं पोचलं?”

“पोचलं शुक्रवारीच.”

“पण उघडलं तेव्हाच ना? वर्षभर कधी उघडलं नाही म्हणतेस. मग त्याच दिवशी उघडायची बुद्धी कोणी दिली?”

मेल उघडली हे रिपोर्ट सांगतो. का उघडली ते तो कधीच सांगत नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते विचारायचा केव्हाच कंटाळा आला होता. मी पुढे नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं, “तुम्ही काही एकदाच उघडली नाही काकी. इथे दिसतंय. चौदा वेळा उघडली आहे.”

“मी? मला कुठे तो फोन उघडता येतो! ह्यांनी वाचून दाखवलं रविवारी सकाळी. एकदाच.”

मी परबकाकांकडे बघितलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

एवढ्यात भालूकाका आले. परब म्हटल्यावर त्यांना परबांची तीन पिढ्यांची माहिती, वाडी, घर, माडाची बाग सगळं आठवलं. काकींनी पत्राची हकीकत सांगितली तसे ते हरखून गेले. मी त्यांना हाताला धरून व्हरांड्यात नेलं.

“काका, तुम्ही त्यांना समजावा. त्यांचं हृदयाचं ऑपरेशन आहे. माणूस आत घामाघूम होऊन बसलाय.”

“समजावू म्हणजे काय सांगू? देवीचं पत्र खोटं होतं?”

“देवीचं नव्हतंच ते.”

“हळू बोल.” त्यांनी मागे वळून बघितलं. “सातशे लोकांनी वाचलं, त्यातले शंभर तरी येत्या जत्रेला येतायत. बारा-बारा वर्षं ज्यांनी तोंड दाखवलं नाही ते. आणि आता मी म्हणू, काही नाही हो, कुडाळची एक पोरगी मशीनवर बसून पाठवते? देवळाची अब्रू काय राहील?”

“आणि त्या माणसाला काही झालं तर?”

भालूकाका चष्मा पुसायला लागले. वाईट माणूस नव्हता तो. फक्त आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या पत्राला लोकांनी उत्तर दिलं होतं, आणि ते सुख हातचं सोडवत नव्हतं. मला ते कळत होतं. म्हणूनच मला त्यांच्याशी भांडायचं बळ येईना.

“कौल लावू,” ते शेवटी म्हणाले. “तेही त्यासाठीच आलेत. देवीलाच विचारू. ऑपरेशन कर म्हणाली की मीच गाडीने गोव्याला नेतो. तिथे मोठं हॉस्पिटल आहे, दोन तासांत पोचू.”

“आणि नको म्हणाली तर?”

ते गुरवाला बोलवायला गेले.

आमच्याकडे कौल म्हणजे देवीच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे फुलाच्या पाकळ्या पाण्यात भिजवून चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझ्या आजोबांनी विहिरीची जागा अशीच विचारून ठरवली होती. मी लहानपणापासून हे बघत आले, त्यावर कधी विश्वास ठेवला नाही आणि कधी हसलेही नाही.

काकी ओटीची पिशवी घेऊन देवळात गेल्या. परबकाका उठून माझ्या मागे पायरीवर आले आणि खांबाला टेकून बसले.

“मी उघडली,” ते म्हणाले. “चौदा का काय ते.”

“दिसलं मला.”

“शनिवारी रात्री झोप येईना. डॉक्टर म्हणाला होता, छाती उघडायची, हृदय थोडा वेळ बंद ठेवायचं. बंद! इतकं सहज म्हणाला, घरातला पंखा बंद करावा तसं. मग मी फोन घेऊन बसलो. ते पत्र दिसलं. वाचलं, ठेवलं. परत वाचलं. भीती वाटली की माणूस तेच तेच वाचतो, बाई. दुसरं काही सुचत नाही.” ते थांबले, श्वास घेतला. “सकाळी हिला वाचून दाखवलं. मला ठाऊक होतं ती काय म्हणेल. चला म्हणेल. मला तेच हवं होतं.”

“म्हणजे तुम्हाला देवीने बोलावलं असं वाटलं नाही?”

“नाही हो. मला ऑपरेशन नको होतं. एवढंच.”

“मग काकींना सांगा.”

“चाळीस वर्षं झाली लग्नाला. मी रेल्वेत, रात्री-अपरात्री जायचा, हिनं कधी भीती दाखवली नाही. मीही नाही. आता या वयात कसं सांगू, की मी घाबरलो आणि तुझ्या देवीला पुढे केलं?”

मला त्या क्षणी त्यांचा राग आला, आणि कीवही आली, दोन्ही एकदमच. रात्रभर गाडीत, मग रिक्षात हाडं खिळखिळी करून हा माणूस मरायला इथे आला होता, फक्त बायकोसमोर भित्रा ठरू नये म्हणून.

“कौल पडायच्या आत तुम्ही सांगा,” मी म्हटलं. “नाहीतर मी सांगेन.”

ते खांबाचा आधार घेत उठले आणि देवळात गेले.

लवू गुरव अंघोळ करून ओल्या धोतरानेच आला होता. बारीक अंगाचा, सदा अर्ध्या झोपेत असल्यासारखा माणूस. त्याने पाकळ्या भिजवल्या, देवीच्या दोन्ही खांद्यांना लावल्या आणि उंबरठ्याच्या आत बसून विचारलं, “प्रश्न काय? एकच सांगूक होयो. आणि सरळ.”

“ऑपरेशन करायचं की नाही,” काकी म्हणाल्या.

लवूने हात जोडले आणि गाऱ्हाण्याचा सूर लावला. “बा देवी पावणाई, आज ह्या परबांचा लेकरू तुझ्या पायाकडे इला हा. डॉक्टर म्हणता काळीज उघडूचा. करूचा आसात तर उजवी दी, करूचा नसात तर डावी दी. जा काय आसात ता तुझ्या तोंडान सांग.”

“व्हय म्हाराजा,” भालूकाका म्हणाले. काकीही म्हणाल्या. माझ्याही तोंडून निघून गेलं.

आणि मग आम्ही वाट बघत बसलो. भरदुपार होती. सभामंडपात वारा नव्हता. समईची वात तेवढी तडतडत होती. पाकळ्या हलेनात. लवूने दुसऱ्यांदा गाऱ्हाणं घातलं, तिसऱ्यांदा घातलं. माझी नजर त्या दोन लाल ठिपक्यांवरून हटेना. मला स्वतःचंच नवल वाटलं. मी आयुष्यभर हेच करत आले होते, हाक मारून समोरच्याचा होकार येतोय का बघत बसायचं. फक्त या वेळी मला तो मनापासून हवा होता. उजवी पड, मी मनात म्हणत होते. डावी पडू नकोस, बाई, पाया पडते.

परबकाकांचा चेहरा हळूहळू राखेसारखा होत होता. एकदा त्यांनी डाव्या हाताची मूठ आवळली आणि सोडली. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली.

“आज देवी बोलना नाय,” लवू म्हणाला. “संध्याकाळी परत लावया.”

“संध्याकाळपर्यंत हा माणूस थांबायचा नाही,” मी जवळजवळ ओरडलेच. “काकी, मला तुम्हाला एक—”

“प्रभा,” परबकाका म्हणाले.

देवळात सगळे त्यांच्याकडे वळले. ते बसल्या जागेवरून उठले नाहीत. देवीकडेही बघितलं नाही. फक्त बायकोकडे बघत होते.

“आईनं नाही बोलावलं. मी आणलं तुला इथं. मला ते ऑपरेशन नको होतं. रात्रभर ते पत्र वाचत बसलो आणि सकाळी तुला वाचून दाखवलं, तू चला म्हणशील म्हणून. मला भीती वाटते गं. फार भीती वाटते.”

काकींचा हात ओटीच्या नारळावर होता, तो तिथेच राहिला. मला वाटलं त्या आता देवळातून चालत्या होतील. निदान मी तरी तशीच निघून गेले असते. चाळीस वर्षं सोबत राहिलेल्या माणसाने देवीच्या नावावर आपल्याला फसवावं! त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग एकदम थकला, इतका थकला की त्या अचानक सत्तरीच्या दिसायला लागल्या.

“मूर्ख माणसा,” त्या म्हणाल्या. “भीती वाटते तर म्हणायचं ना, वाटते म्हणून. मला काय कमी वाटत होती? मी पण रात्रभर जागीच होते तुमच्या शेजारी. डोळे मिटून.”

“मला काय ठाऊक.”

“नाहीच ठाऊक. कधी विचारलंत?”

परबकाकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि छातीवर हात दाबून पुढे झुकले. भालूकाका धावले. मी धावले. काकी मात्र त्यांच्याकडे आल्या नाहीत. त्या उठल्या, पदर खोचला आणि गाभाऱ्याचा उंबरठा ओलांडून आत गेल्या.

“वयनी!” लवू दचकून उभा राहिला. “आत नको! आत कोण येना नाय!”

त्यांनी ऐकलं नाही. देवीसमोर जरा थांबल्या, हात जोडले. “आई,” त्या म्हणाल्या, अगदी घरातल्या माणसाशी बोलावं तसं, “तू बोलावलं नव्हतंस, आम्ही खोट्यानं आलो. मग तुला विचारायचं तरी कुठल्या तोंडानं? माझं ठरलंय. रागावलीस तर माझ्यावर रागाव.” आणि त्यांनी हात लांबवून देवीच्या उजव्या खांद्यावरची पाकळी आपल्या हाताने काढली.

लवूने डोळे मिटून घेतले.

काकी बाहेर आल्या. ती ओली पाकळी त्यांनी परबकाकांच्या शर्टाच्या खिशात ठेवली, वरून तळहाताने दाबली. “उजवी आहे,” त्या म्हणाल्या. “चला.”

भालूकाकांनी खरंच आपली गाडी काढली. मी मागच्या सीटवर फाइल मांडीवर घेऊन बसले होते, फोनवरून हॉस्पिटलचा नंबर लावत. परबकाकांचं डोकं काकींच्या खांद्यावर होतं. बांद्याच्या पुढे कुठेतरी त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “प्रभा, ओटी राहिली ना भरायची?” काकी म्हणाल्या, “गप्प बसा.” भालूकाका गाडी चालवताना मधूनमधून डोळे पुसत होते, आणि मला ते दिसू नये म्हणून आरसा वाकडा करत होते.

ऑपरेशन त्याच रात्री झालं. नीट झालं. ओटीची पिशवी देवळातच राहिली होती, ती लवूने दुसऱ्या दिवशी स्वतः देवीला वाहिली आणि कोणाला काही बोलला नाही. गाभाऱ्यात बाई गेल्याचं गावात कधीच कळलं नाही. आम्ही पाच जणांनी सांगितलं नाही, आणि पावणाई तर काही बोलतच नव्हती.

मी माझ्या साच्यातून ‘शेवटची हाक’ काढून टाकली. सगळ्यांच्याच. दातांच्या डॉक्टरांना तर फरकही कळला नाही. देवस्थानची मेल आता ‘कातळवणे देवस्थान कार्यालय’ या नावाने जाते. पहिल्या वर्षी लोकांनी ती कमी उघडली म्हणून भालूकाका जरा खट्टू झाले. वर्षभर न उघडणाऱ्यांना काढायचा नियम मात्र अजून आहे. काम आहे, करावं लागतं.

परबकाका पुढे सात वर्षं जगले. देवस्थानची मेल गेली की त्यांच्या पत्त्यावरून ती उघडली जायची, कधी एकदा, कधी दोनदा. मी तेवढं बघायचे आणि रिपोर्ट मिटवायचे. मग एकदा उघडली नाही. त्यानंतरचीही नाही. भालूकाकांकडून कळलं, झोपेत गेले, त्रास झाला नाही. त्यांच्या पत्त्यावर मेल जात राहिली आणि कोणी उघडत नव्हतं. वर्ष झालं. नियमाने तो पत्ता काढायला हवा होता. मी यादी उघडायचे, त्या नावापाशी यायचे आणि पुढे जायचे. म्हटलं, एका पत्त्यावर मेल न उघडल्याने कंपनी काही आपल्यावर रुसत नाही.

या वर्षी जत्रेची मेल सोमवारी पाठवली. मंगळवारी सकाळी चहा घेता घेता रिपोर्ट बघत होते. नेहमीचंच सगळं, निम्म्यांनी उघडलेली, निम्म्यांनी नाही. खाली परब, बडोदा. उघडली, एकदा. खालचं ‘येणार’ हे बटणही दाबलेलं होतं.

चौदा वेळा नाही. एकदा. ‘मला कुठे तो फोन उघडता येतो’ म्हणणाऱ्या काकी मला आठवल्या.

मी कप खाली ठेवला, भालूकाकांना फोन लावला आणि म्हटलं, “काका, जत्रेला परबांच्या घरचं एक माणूस आहे. लवूला सांगून ठेवा.”